शेवटचं पेर

आमच्या सोफ्याच्या उजव्या हातावर कायम एक उशी असते. पाहुणे यायचे असले की ती अगदी सहज पडल्यासारखी ठेवायची, असा घरात दंडक आहे. उशीखाली मोरपंखी कापडाच्या चिंध्या आहेत आणि चिंध्यांमधून पिवळट फोम डोकावतो. बारा हप्त्यांवर घेतलेला सोफा. सुकटने त्याचा निकाल लावला तेव्हा सात हप्ते बाकी होते.

डिसेंबरात नलूमावशी ओहायोहून आली. दर थंडीत येते. येताना बदाम आणि गुडघ्यांना चोळायची मलमं आणते, जाताना गोडा मसाला आणि आमसुलं नेते. आल्या संध्याकाळी बसायला म्हणून तिने उशी उचलली आणि ती हातात धरून बघतच राहिली.

"हे हिने केलं?"

सुकट टीव्हीच्या टेबलाखाली पंजा चाटत होती. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे मांजराला बरोबर कळतं, आणि कळलं नाही असं दाखवणंही जमतं.

"अगं, मग हिची नखं का नाही काढून घेत?"

"कापते की. दर दोन-तीन आठवड्यांनी."

"कापायची नाहीत. काढायची. आमच्या चिमीची काढली होती आम्ही. एका दिवसाचं काम. परत येतच नाहीत."

पोह्यातली मिरची ताटाच्या कडेला काढून ठेवावी तितक्या सहज म्हणाली. मी चहा टाकायला उठले, पण ते 'परत येतच नाहीत' डोक्यातून जाईना. लहानपणी चाळीत दाराच्या फटीत माझा अंगठा सापडला होता. नख काळंनिळं होऊन गळून पडलं, आणि पाच-सहा महिन्यांत नवं आलं, जरा वाकडं, पण आलं. माझं परत येतं, तर मांजराचं का येत नाही?

सुकटविषयी सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सिटीलाइटच्या मासळी बाजारात, सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे ती सापडली. मूठभर अंग आणि त्याला सुकटीचा वास. आमच्या नेहमीच्या कोळीणबाईंनी मापाबाहेर वाढावा घालावा तशी ती माझ्या पिशवीत घातली. "ने गो, पुण्य लागंल." आता ती साडेचार किलोंची आहे, बाहेरचं जग खिडकीच्या जाळीतून बघते आणि ओले बोंबीलसुद्धा काटा काढून दिल्याशिवाय खात नाही. नाव मात्र तेच राहिलं.

त्या रात्री मावशी झोपल्यावर मी वाचत बसले आणि उत्तर मिळालं. मांजराचं नख बोटाच्या टोकावरच्या हाडातून उगवतं. त्या हाडाचा थोडा भाग जरी मागे राहिला तरी नख पुन्हा येऊ शकतं, तेही वेडंवाकडं. म्हणून नख कायमचं जायला हवं असेल तर ते हाडच सांध्यापासून वेगळं करावं लागतं. कोणी गिलोटिनसारख्या कात्रीने करतं, कोणी सुरीने, कोणी लेझरने. लेझरने रक्त कमी जातं, पण जायचं ते जातंच. पुढच्या पंजाला पाच बोटं, मागच्याला चार. फक्त पुढचे पाय केले तर दहा ठिकाणी तोडायचं, चारही केले तर अठरा.

इंग्रजीतला 'डिक्लॉ' हा मोठा साळसूद शब्द आहे. मराठीत आपण 'नखं काढणं' म्हटलं तर तो आणखीनच साळसूद होतो, शनिवारी दुपारी पार्लरमध्ये उरकायच्या कामासारखा. खरं तर आपल्याकडे त्या हाडासाठी नेमका शब्द आहे: पेर. उसाचं पेर, बांबूचं पेर, बोटाचं पेर. मांजराच्या बोटाचं शेवटचं पेर तोडणं, असं म्हटलं असतं तर चिमीच्या वेळी मावशीने कागदावर सही केली असती का, कोण जाणे.

मी दिवाणाखालून सुकटला ओढून मांडीवर घेतलं. झोपेत होती, त्यामुळे तिने पंजा हातात येऊ दिला. तळव्याची गादी आणि बोटाची पाठ दोन बोटांत धरून हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. बुडाशी गुलाबी रेघ, टोकाला काचेसारखं पांढरं, वाकलेलं. सोडलं की परत आत. मला इतकी वर्षं वाटायचं की मांजर नखं आत ओढून घेते. आहे ते नेमकं उलटं. निवांत असताना नखं आतच असतात, दोरीने बांधल्यासारखी लवचीक बंधांनी वर धरलेली. बाहेर काढायलाच तिला स्नायू ताणावे लागतात. ज्या पेरावर हा सगळा कारभार चालतो तेच हे पेर. शिवाय मांजर आपल्यासारखं टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतं. तेव्हा पेर गेलं की पावलं टाकायची ती तोडलेल्या जागेच्या लगतच.

मावशी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर जप करते. माळ तिने कधी घेतली नाही. उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजते. ओहायोत बर्फ पडत असतानाही असाच करत असणार. दुसऱ्या दिवशी तिचा जप संपेपर्यंत मी थांबले. मग तिचा हात हातात घेऊन तर्जनीच्या वरच्या पेरावर बोट टेकवलं.

"मावशी, चिमीचं हे काढलं होतं. इथून."

"काहीतरीच काय. नखं काढली होती."

"नखं ह्याच्यातूनच उगवतात."

तिने हात काढून घेतला. रागाने नव्हे, पण पदराखाली घेतला. त्या दिवशी जेवताना ती फारसं बोलली नाही, आणि मला वाटलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला हे सांगायची काही गरज होती का?

पुढच्या आठवड्यात सुकटच्या लसीची तारीख होती. मावशी म्हणाली, मीही येते. माहीमला रिक्षा नाही, म्हणून टॅक्सी. आमची टोपली बघून टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "बिल्ली है? सीट फाड़ेगी तो?" मावशीने मराठीत त्याला सांगितलं की बाबा, ती टोपलीत आहे. या शहरात, आणि मला वाटतं जगातही, मांजराविषयीचा पहिला प्रश्न सीटचाच असतो.

आमचे डॉक्टर परळच्या पशुवैद्यक कॉलेजातले. १८८६ पासून चाललेलं कॉलेज, याचा त्यांना भारी अभिमान. मी विचारलं, इथे कोणी नखं काढून मागतं का? म्हणाले, "पूर्वी कोणाला हे माहीतच नव्हतं. हल्ली येतात फोन. पर्शियनवाल्यांचे. घराचं नवं इंटीरिअर झालं की हमखास." आणि तुम्ही? "मी सांगतो, सोफ्याला कव्हर घाला." मग त्यांनी सुकटचा पंजा उजेडात धरून मावशीला ती गुलाबी रेघ दाखवली. ती जिवंत शीर, तिच्या अलीकडे कात्री थांबवायची, फक्त वाकलेलं टोक उडवायचं. एका बैठकीत अठराही नखं व्हायला हवीत असा हट्ट धरायचा नाही. मांजर वैतागलं की सोडायचं, उरलेली उद्या. मावशी डोळ्यांजवळ चष्मा धरून बघत होती. चिमी चौदा वर्षं तिच्या घरात होती, आणि हे ती पहिल्यांदा बघत होती.

बरं, ओरबाडायचं मांजर थांबणार नाही, आणि थांबवूही नये. नखावरची जुनी साल त्याने निघते, पाठ ताणली जाते, आणि पंजातल्या गंधग्रंथींचा वास जागेला लागतो. सोफ्यावर सुकटने सही केली आहे म्हणायची. तिला सही करायला दुसरा कागद द्यायचा, एवढंच आपल्या हातात. मी त्यासाठी एक महागडा खांब मागवला होता. त्याच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. शेवटी कामाला आलं ते दीडशे रुपयांचं काथ्याचं पायपुसणं. सोफ्याच्या हाताला उभं बांधून टाकलं. आता ती त्यावर रोज सकाळी दुधाच्या पिशव्या यायच्या वेळी कामाला लागते. खर्र खर्र आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली ऐकू जातो, असं वॉचमन म्हणतो. सोफ्याचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

आपल्या कायद्यात याला काय म्हटलंय ते मी मुद्दाम पाहिलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेच्या व्याख्येत प्राण्याचं अंग तोडणंही येतं. मग त्याच कलमात अपवाद दिलेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं. ही यादी वाचताना डोळ्यांपुढे गोठा उभा राहतो. १९६० साली मांजर नावाच्या प्राण्याच्या नखांवरून कोणाचं घरसामान अडेल हे यादी करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसणार. मांजर तेव्हा चाळीच्या गॅलरीतून हिंडायची, चार घरी चार नावं घेऊन. तिने ओरबाडलं तर जिन्याचा लाकडी कठडा ओरबाडायची, आणि तो घरमालकाचा. असो. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. माहीम स्टेशनबाहेर पन्नास रुपयांत दोन वडापाव येतात.

बाकी जगात मात्र यावरून हमरीतुमरी झाली आहे. युरोपात पाळीव प्राण्यांविषयीचा करार १९८७ साली झाला, त्यात शेपूट कापणं, कान कापणं यांच्याच रांगेत नखं काढणं बसवलं आणि वैद्यकीय कारण नसेल तर नाही म्हणून टाकलं. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यानेही दार लावलं. इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली, ती थेट तुरुंगवासाच्या तरतुदीसह. भांडण खरं पेटलं ते अमेरिकेत, कारण तिथे हे घरोघरी चालायचं. घर भाड्याने घेताना काही मालक मांजराची नखं काढलेली आहेत ना, हे विचारायचे.

त्या भांडणातली मला आवडलेली गोष्ट अशी की त्याची सुरुवात वाघांपासून झाली. जेनिफर कॉनराड या पशुवैद्य मोठ्या मार्जारकुळातल्या प्राण्यांवर उपचार करायच्या. माणसांत वावरता यावं म्हणून नखं काढलेले वाघसिंह लंगडताना त्या बघत होत्या, आणि त्यांचे पंजे दुरुस्त करायच्या शस्त्रक्रिया करत होत्या. तिथून त्या घरच्या मांजरांकडे वळल्या. त्यांच्या खटपटीने २००३ मध्ये वेस्ट हॉलीवूड या लहानशा शहराने बंदी घातली, अमेरिकेतली पहिली. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांच्या संघटनेने शहराला कोर्टात खेचलं. आधी संघटना जिंकली, २००७ मध्ये अपिलात शहर. पुढे राज्याने एक कायदा केला की २०१० उजाडल्यावर शहरांना अशी बंदी घालता येणार नाही. तर २००९ सरता सरता लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि आणखी पाच शहरांनी घाईघाईने बंदी घालून घेतली. तारीख टळण्याआधी कागद उरकायची ही लगबग मुंबईकराला वेगळी समजावून सांगायला नको. न्यूयॉर्क हे बंदी घालणारं पहिलं राज्य, जुलै २०१९. मग मेरीलंड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स.

आणि दरम्यान, २००६ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने परवानाधारक प्राणिप्रदर्शकांना वाघसिंहांची नखं काढायला मनाई केली. वाघाला अभय मिळालं. त्याच्या मावशीला, मांजराला, मिळायला बहुतेक राज्यांत अजून वेळ आहे. आपल्या गोष्टीत मावशीने भाच्याला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही, आणि त्यामुळे ती वाचली. नखं काढलेल्या मावशीला आता ते झाडही उरलं नाही.

बंदीच्या विरुद्ध असणारे सगळे काही खाटीक नव्हते, हे मला मान्य करायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की नखं काढू दिली नाहीत तर लोक मांजरं रस्त्यावर सोडतील, नाहीतर निवारागृहात नेऊन टाकतील, तिथे त्यांना मारलं जाईल. पेर गेलेलं बरं की जीव? हा प्रश्न मला काही रात्री छळत होता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१८ ला बंदी आली, त्यानंतर तिथल्या निवारागृहांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. बंदीमुळे मांजरांची आवक वाढलेली दिसली नाही, मारण्याचं प्रमाणही वाढलं नाही. दुसरा मुद्दा आजारी माणसांचा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना ओरखडा महागात पडतो. पण एचआयव्हीबाधितांसाठीच्या अमेरिकी वैद्यकीय मार्गदर्शनातसुद्धा नखं काढून घ्या असा सल्ला नाही. मांजराशी दांडगाई करू नका, पिसवांचा बंदोबस्त करा, जखम झाली तर लगेच धुवा, असं सांगितलंय.

आपल्याकडे तर ओरखडा म्हटला की रेबीज. शेजारच्या नातवाला सुकटने एकदा बोचकारलं होतं. चूक त्याची होती, पण तो चार वर्षांचा, त्यामुळे चूक माझी. सुकटला लस दिलेली आहे, हे सांगूनही त्याची आजी ऐकेना, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोटात चौदा इंजेक्शनांच्या काळात वाढलेली बाई. पालिकेच्या दवाखान्यात आम्ही चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला पोराने मला विचारलं, सुकटलाही टोचतात का? टोचतात म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

मावशीचं मात्र आत काहीतरी चालू होतं. जानेवारीतल्या एका दुपारी हरभरे सोलताना ती आपणहून म्हणाली, "तुझ्या काकांचं रक्त पातळ करायचं औषध चालू होतं. म्हणून काढली नखं."

मी हूं म्हटलं.

बऱ्याच वेळाने, घाटे संपत आल्यावर, "नाही गं. औषध नंतर चालू झालं. सोफाच होता. लेदरचा. पहिला सोफा आमचा."

मग हळूहळू बाकीचं आलं. ऑपरेशन करून पिल्लं बंद करायला चिमीला नेलं होतं. फॉर्मवर खाली आणखी एक चौकोन होता, त्यात हिने खूण केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली होती की एकदाच भूल द्यावी लागते, स्वस्त पडतं. घरी आणल्यावर दोन आठवडे वाळूऐवजी वर्तमानपत्राचे कपटे घालायला सांगितले होते. नंतर वाळू घातली, पण चिमी वाळूत जायचं टाळू लागली. न्हाणीघरातल्या चटईवर, काकांच्या शर्टांवर. आणि चावायला लागली. काकांना एकदा अंगठ्याशी अशी चावली की हात सुजून दवाखान्यात राहावं लागलं. "आम्ही म्हणायचो, खडूस आहे. म्हातारपणी मांजरं खडूस होतात."

मी वाचलेलं एक तिला सांगितलं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७४ मांजरं तपासली होती, निम्मी नखं काढलेली. त्यांच्यात पाठदुखी, चावणं, भलत्या जागी घाण करणं हे बरंच जास्त आढळलं. आणि क्ष-किरणात त्यातल्या ६३ टक्के मांजरांच्या पंजात त्या पेराचे तुकडे राहून गेलेले दिसले. म्हणजे पेर धड गेलंही नव्हतं. चिमीला जाऊन वीस वर्षं झाली. हा आकडा सांगून मी काय साधणार होते?

आणि मी तरी कोण मोठी? सुकटचं ऑपरेशन मीही केलं, तिला न विचारता. आमच्या गल्लीतल्या मांजरांचेही कान टोकाला कापलेले आहेत, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून, आणि मला ते बघून बरंच वाटतं. मी तिला जाळीच्या आत ठेवलंय. तिच्यासाठी केलेलं आणि माझ्यासाठी केलेलं यांच्यातली रेघ दरवेळी त्या नखातल्या रेघेइतकी स्पष्ट दिसत नाही. पेराच्या बाबतीत दिसते, एवढंच म्हणेन. सिटीलाइटच्या कोळीणबाईंना हे सगळं सांगितलं तर त्यांचा हात कोयत्यावर थांबला. "नखं नाय तर ती मांजर कसली? उशी झाली ना ती."

आपण तसे नखांचे मोठे भक्त. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढा सोहळा झाला. आमच्याच घरात एक होतं. मावशीच्या भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या गळ्यात, सोन्यात मढवलेलं वाघाचं नख. पोरगं दचकू नये, दृष्ट लागू नये म्हणून. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आजोबांनी ते कुठे नेऊन टाकलं हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. खरं होतं की शिंगाचं, तेही कळलं नाही.

फेब्रुवारीत मावशीचं विमान होतं, पहाटेचं. सामान रात्रीच बांधून झालं. मी झाडू मारत होते तर पायपुसण्याच्या काथ्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. सुकटच्या नखाची गळलेली साल. आतून पोकळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक, टोकाला अजून अणकुचीदार. मी केरात टाकणार तेवढ्यात मावशीने हात पुढे केला. तळव्यावर घेऊन दिव्याखाली धरली. मग कॅलेंडरचा एक जुना कागद फाडून तिची पुडी बांधली आणि पर्समध्ये, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली.

"अगं मावशी, एअरपोर्टवर विचारलं तर?"

"सांगीन, वाघाच्या मावशीचं आहे," ती म्हणाली. "आपणहून दिलंय तिने."